खाडीचा नकाशा: सेंटिनेल-१ की सेंटिनेल-२?

खाडीकाठची पाणथळ जमीन उपग्रहावरून मोजायला बसलं की पहिला अडखळा इथेच येतो. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची ऑप्टिकल, म्हणजे सूर्यप्रकाशावर घेतलेली चित्रं घ्यायची की सेंटिनेल-१चं रडार? दोन्ही फुकट मिळतात, दोन्ही गूगलच्या अर्थ इंजिनवर तयार असतात, त्यामुळे खर्चाची सबब नाही. मी धरमतर खाडीच्या काठावर, पेण-अलिबागच्या बाजूला, हे काम करताना एकाने सुरुवात केली आणि दुसऱ्यावर स्थिरावलो. का, ते सांगतो. तुमची खाडी वेगळी असेल तर माझं म्हणणं थोडं सैल करून घ्या.

आधी सेंटिनेल-२चं श्रेय त्याला देऊ. मार्चमधलं एक स्वच्छ चित्र उघडा. शेतं कापून करडी झालेली, टेकड्यांवरची झाडं पानगळीने विरळ, आणि खाडीला लागून कांदळवनाचा गर्द पट्टा. आमराई आणि तिवरांची झाडं यांत घोळ होईल असं वाटतं, पण शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड, म्हणजे ओल ओळखणारा अदृश्य प्रकाशाचा पट्टा लावला की घोळ बराच सुटतो, कारण तिवरांच्या बुडाशी कायम ओल असते. उपखाडीच्या कडेने एकेरी रांगेत उभी असलेली झाडंसुद्धा बऱ्यापैकी दिसतात. रडारला हे जमत नाही. त्याचा पिक्सेल कागदावर १० मीटरचा असला तरी प्रत्यक्षातला बारकावा २० मीटरच्या आसपासचा असतो, आणि अरुंद पट्टा त्यात विरघळून जातो.

खारभूमीचा प्रश्न असेल तरी मी ऑप्टिकलकडेच बोट दाखवीन. पेणकडे बांधाला खांड जाते, खारं पाणी शेतात शिरतं, खांड वेळेत बुजवली नाही तर काही वर्षांत भाताच्या जागी तिवर उभं राहतं. मग ती जमीन शेत की वन, यावरून भांडण. खांड साधारण कोणत्या वर्षी गेली हे अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांच्या जुन्या चित्रांत मागे-मागे जात शोधता येतं. रडारची मालिका २०१४च्या अलीकडची, त्याआधीचं तिला काही विचारू नका.

इथपर्यंत वाचून वाटेल की निकाल लागला. मलाही तसंच वाटलं होतं.

रडार घ्या असं सांगणारे सगळे ढगांचं कारण देतात: रडारला ढगांच्या आरपार दिसतं. खरं आहे, कोकणात जून ते सप्टेंबर ऑप्टिकल चित्र म्हणजे कापसाची गादी. पण पाणथळीचा वार्षिक नकाशा हिवाळा-उन्हाळ्यातल्या चित्रांवर निघू शकतो, चार महिने गेले म्हणून काही अडत नाही. माझं घोडं ढगांत अडलंच नाही. ते अडलं घड्याळात.

झालं असं की कांदळवनाचा थर नीट जमला, पण त्याच्या पुढचा चिखलाचा पट्टा काही केल्या जमेना. एका चित्रात चिखल आहे, दुसऱ्यात नाही. मी आपला उंबरठे बदलतोय, नमुने वाढवतोय, पाण्याचे निर्देशांक पालटून बघतोय. मग सगळे करतात तसं जानेवारी ते मे या काळातल्या चित्रांची मध्यक प्रतिमा काढली, म्हणजे प्रत्येक ठिपक्यासाठी सगळ्या चित्रांतली मधली किंमत घेतली. दिसायला सुरेख आली. ढग नाही, चकाकी नाही. फक्त तशी खाडी कुठल्याच दिवशी अस्तित्वात नव्हती: कुठे भरतीचं पाणी, कुठे ओहोटीचा चिखल, कुठे दोघांची सरासरी.

तो नकाशा घेऊन एका पौर्णिमेच्या सकाळी पावणेसातला काठावर गेलो. माझ्या नकाशात निळा रंग होता तिथे, काठापासून चांगलं आत, बायका शिंपल्या वेचत होत्या. एकीने हात करून सांगितलं, "दादा, तिकडून नका येऊ, रुताल." मोबाइलवरचा ठिपका सांगत होता की मी पाण्यात उभा आहे.

घरी येऊन एक्सेलमध्ये सगळ्या चित्रांच्या तारखांपुढे तिथीचा रकाना घातला. शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राने विचारलंच, "मुहूर्त बघतोयस का?" तसंच होतं ते. आपल्याकडचा जुना हिशोब बहुतेकांना माहीत असेल: तिथीला तीनने गुणून चारने भागलं की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. हिशोब ढोबळ आहे, तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला चालतो. आता सेंटिनेल-२ या पट्ट्यावरून जातो कधी? सकाळी अकरा-सव्वाअकराला. कायम.

म्हणजे पुनव-अमावास्येला उधाण असतं तेव्हा उपग्रह वर येतो आणि खाली खाडी भरत आलेली असते. उधाणाची ओहोटी पहाटे-संध्याकाळी सहाच्या सुमारास, तेव्हा तो इथे नसतो. त्याला दुपारच्या आसपासची ओहोटी मिळते ती अष्टमीची, भांगाची. आणि भांगाला पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. खालचा चिखल त्या दिवशीही पाण्याखालीच राहतो. थोडक्यात, खाडी सर्वांत जास्त उघडी पडते तो क्षण या उपग्रहाला दिसतच नाही. जास्त चित्रं घेतली, जास्त वर्षं घेतली, तरी नाही. उधाणाचं वेळापत्रकही सूर्याला बांधलेलं, उपग्रहाची कक्षाही सूर्याला बांधलेली, त्यामुळे दोघांची चुकामूक ठरलेली. लँडसॅट घ्या की आपला रिसोर्ससॅट, तेही साधारण त्याच वेळचे. उपग्रह बदलून सुटका नाही.

सेंटिनेल-१ मात्र पहाट-संध्याकाळच्या कक्षेत फिरतो. माझ्या पट्ट्यावर त्याची सकाळची फेरी साडेसहाच्या सुमारास होते. पौर्णिमेला साडेसहा म्हणजे नेमकी त्या बायका चिखलात असतात ती वेळ. यादीतून चतुर्दशी ते द्वितीया या तिथींची चित्रं वेगळी काढली आणि पहिलंच चित्र उघडलं. तीन आठवडे ज्याच्या मागे होतो तो चिखल तिथे पसरलेला होता, मधल्या बारीक वळवणांसकट.

मोजमाप वगैरे काही केलेलं नाही, डोळ्यांचा पुरावा सांगतोय. पण त्यानंतर मी मागे गेलो नाही.

रडारचे त्रास लपवत नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला चित्र म्हणजे पाटीवर तीळ-मोहरी सांडल्यासारखं वाटतं. गाळण्या लावल्या की तीळ कमी होतात आणि कडाही बोथट होतात. ओला, गुळगुळीत चिखल आणि निवांत पाणी दोन्ही काळे येतात. वारा सुटला की पाणी खडबडीत होऊन चिखलासारखं उजळतं. रडारच्या लहरींच्या दिशेनुसार दोन प्रकारची चित्रं मिळतात, व्हीव्ही आणि व्हीएच; व्हीव्हीमध्ये हे जास्त, व्हीएचमध्ये जरा कमी. सकाळची फेरी इथेही उपयोगी पडते, कारण खाऱ्या वाऱ्याचा जोर दुपारनंतरचा. मिठागरांचे कोंडे मला रडारमध्ये पाण्यापासून वेगळे करता आलेले नाहीत, ते मी हाताने कापून टाकतो. (ऑप्टिकलवालेही मिठागरावर फार मिरवू नयेत. त्यांचा ढगांचा मुखवटा मिठाच्या पांढऱ्या राशींना ढग समजून पुसून टाकतो, हे मी दोनदा अनुभवलंय.) कांदळवनात जात ओळखणं, चिपी कुठे नि तिवर कुठे, हे सी-बँडच्या, म्हणजे सेंटिनेल-१च्या लहरीच्या, आवाक्याबाहेरचं. साडेपाच सेंटिमीटरची लहर दाट पानोऱ्यातच अडकते.

चित्रांची संख्याही कमी. सेंटिनेल-१बी हा जोडीचा उपग्रह डिसेंबर २०२१मध्ये बंद पडला आणि १सी डिसेंबर २०२४मध्ये वर गेला, मधल्या काळात बारा दिवसांनी एक फेरी यावरच भागवावं लागलं. उधाण-भांगाचं चक्र पावणेपंधरा दिवसांचं, फेरी बारा दिवसांची, त्यामुळे दर वेळी तिथी पावणेतीन दिवसांनी सरकते. उधाणाच्या ओहोटीचं चांगलं चित्र दोनेक महिन्यांतून एकदा हाती लागतं. वर्षाला पाच-सहा. कमी आहेत, पण कामाची आहेत. ऑप्टिकलची वर्षाला तीस स्वच्छ चित्रं मिळूनही त्यात असं एक नसतं.

तुमचं काम फक्त कांदळवन किती, एवढंच असेल तर सेंटिनेल-२ घ्या आणि सुखाने झोपा, फक्त उधाणाच्या तारखा टाळा, नाहीतर कडेची लहान रोपं पाण्याखाली जाऊन क्षेत्र उगीच घटलेलं दिसेल. पण पाणथळ म्हणजे फक्त झाडं नव्हेत. ठाणे खाडीला २०२२मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, तिथे रोहित पक्षी जेवतात ते चिखलावर. गाळ साचून त्या चिखलावर कांदळवन सरकतंय, म्हणजे हिरवा थर वाढला म्हणून टाळ्या वाजवायच्या की चिखल घटला म्हणून चिंता करायची, हे ठरवायलासुद्धा आधी चिखल दिसायला हवा.

म्हणून हल्ली माझा क्रम असा: चिखलाची आणि पाण्याची हद्द सेंटिनेल-१वरून आधी आखायची, मग मार्चच्या एका ऑप्टिकल चित्रावरून झाडांचा थर त्यावर बसवायचा. उलट क्रमाने करून पाहिलंय, चिखल दर वेळी उरलासुरला वर्ग होऊन बसतो. तळकोकणात किंवा गोव्यात काम असेल तर तिथीचा हिशोब तसाच उचलू नका, तिकडे भरती मुंबईच्या आधी येते. जवळच्या बंदराचं भरतीचं कोष्टक घ्या.

जुलै २०२५मध्ये निसार हा नासा-इस्रोचा रडार उपग्रह वर गेला. त्याची एल-बँडची लहर २४ सेंटिमीटरची, म्हणजे पानोऱ्यातून खाली उतरणारी, आणि कक्षा पुन्हा पहाट-संध्याकाळ सहाचीच. तिथीचा रकाना मी पुसलेला नाही.