एक वर्ष, दोन वर्गण्या: कॉमिक्सचा छापील अंक आणि टॅबवरचा अंक

गेल्या ऑगस्टमध्ये नागपुरातल्या आमच्या त्रिमूर्तीनगरच्या घरी मुलांच्या एकाच कॉमिक्स मासिकाच्या दोन वर्गण्या एकाच आठवड्यात भरल्या गेल्या. माझ्या अकरा वर्षांच्या मुलाने टॅबवर वाचायची डिजिटल वर्गणी माझ्याकडून भरून घेतली आणि त्याच सुमारास माझ्या वडिलांनी आपल्या पेन्शनमधून नातवासाठी छापील अंक सुरू केला. दोघांनी एकमेकांना विचारले नव्हते. एक वर्गणी रद्द करावी असे आधी वाटले, पण तीच गोष्ट दोन्ही रूपांत वर्षभर वाचून पाहण्याची ही संधी पुन्हा मिळणार नाही, म्हणून दोन्ही चालू ठेवल्या. मासिकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी येतील त्यांतला दोष नेमका कोणाच्या पदरात घालायचा हे मला अजूनही ठरवता आलेले नाही.

पैशांचा मुद्दा लवकर संपतो. डिजिटल वर्गणी छापील वर्गणीच्या निम्म्याहूनही कमी पडली. छापील पुस्तकांवर आणि नियतकालिकांवर जीएसटी नाही, तर छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांवरचा कर २०१८ साली ५ टक्क्यांवर आणला गेला, हा फरक हिशेबात धरला तरी कागद, छपाई आणि घरपोच पाठवणी यांचा खर्च त्याहून कितीतरी मोठा असतो. शिवाय डिजिटल अंक एक तारखेला सकाळी हजर असे. छापील अंक कधी दहा तारखेला, कधी वीस तारखेला आला, एकदा तर दिवाळीचा अंक तुळशीचे लग्न लागून गेल्यावर चॅनल गेटमध्ये अडकवलेला मिळाला, आणि जानेवारीचा अंक आलाच नाही. दोन मेल पाठवल्यावर त्याच्या बदल्यात वर्गणी एका महिन्याने वाढवून मिळाली. अंक मात्र मिळाला नाही.

एवढ्यावर निकाल द्यायचा असता तर टॅब जिंकला असता. पण कॉमिक्स ही निव्वळ मजकुराची वस्तू नाही, आणि खरा फरक तिथेच सुरू होतो. कादंबरीचे ई-पुस्तक वाचताना अक्षरे लहानमोठी करता येतात आणि मजकूर पडद्याच्या मापाने नव्याने मांडला जातो. कॉमिक्समध्ये फुग्यातली अक्षरे हा चित्राचाच भाग असतो, त्यामुळे अक्षर मोठे करायचे तर अख्खे चित्र मोठे करावे लागते. कॉमिक्ससाठी सर्रास वापरली जाणारी सीबीझेड फाइल म्हणजे तरी काय, तर पानांच्या चित्रांची एकत्र बांधलेली झिप फाइल. अमेरिकी कॉमिक्सचे पान साधारण १७ सेंटिमीटर रुंद आणि २६ सेंटिमीटर उंच असते. दहा इंची टॅबवर ते जेमतेम मावते आणि वाचता येते, पण मोबाइलची रुंदी सात सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पान निम्म्याहूनही अरुंद होते. देवनागरीच्या बाबतीत हे अधिक जाचते. वेलांटी, रफार आणि अनुस्वार शिरोरेघेच्या वरच्या चिंचोळ्या जागेत दाटीने बसतात, आणि हलक्या प्रतीच्या स्कॅनमध्ये पहिल्यांदा तेच पुसट होतात. बोटांनी चित्र ताणून मोठे केले की अक्षर मोठे होते, स्पष्ट होत नाही.

यावर उपाय म्हणून बहुतेक ॲपमध्ये एकेक चौकट क्रमाने दाखवण्याची सोय असते. कॉमिक्सॉलॉजी या डिजिटल कॉमिक्सच्या दुकानाने ती ‘गाइडेड व्ह्यू’ या नावाने लोकप्रिय केली. मोबाइलवर वाचायचे तर ही सोय अपरिहार्य आहे आणि मुलाला ती फार आवडते. मला मात्र तिच्यातली उणीव तिसऱ्या-चौथ्या अंकाला जाणवू लागली. चित्रकार एखादी चौकट मुद्दाम पानभर काढतो आणि तिच्याआधीच्या चार चौकटी मुद्दाम बारीक ठेवतो. ॲप त्या सगळ्यांना पडद्याच्या एकाच मापात बसवते, त्यामुळे बारीक चौकट उगाच फुगते आणि पानभर पसरलेला राक्षस मांजराएवढा होतो. धक्का द्यायचे चित्र कसबी चित्रकार पान उलटल्यावर पहिल्यांदा नजर पडेल अशा जागी ठेवतो. ॲपमध्ये प्रत्येक चौकटीगणिक बोट फिरवावे लागत असल्याने त्या उलटण्याला काही मोलच राहत नाही. बाबांनी टॅबवर एक गोष्ट वाचून पाहिली आणि चष्मा काढून ठेवत म्हणाले, “पान न उलटताच गोष्ट पुढे जाऊन राहिली, मग मध्ये थांबायचं कुठं?” टॅब आडवा धरून दोन पाने शेजारी पाहता येतात हे मी त्यांना दाखवले, पण मग प्रत्येक पान निम्म्या आकाराचे होते आणि प्रश्न पुन्हा वेलांटीपाशी येऊन थांबतो.

कागदाची बाजू घेताना नागपूरचे हवामान विसरता येत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि घरोघरी कूलर लागतात. वाळ्याच्या ताट्यांतून येणाऱ्या त्या ओलसर हवेत गुळगुळीत कागदाचा अंक दोन दिवस उघडा राहिला की पापडासारखा वाकतो. पावसाळ्यात कसर आणि वाळवी यांची धास्ती असतेच. बाबांनी चाळीस वर्षे सांभाळलेली इंद्रजाल कॉमिक्स पत्र्याच्या पेटीत, डांबरगोळ्यांच्या सोबतीत आहेत आणि तरीही त्यांच्या कडा हात लावताच तुटतात. अर्थात टॅबलाही उन्हाळा सोसत नाही. दुपारी गॅलरीत वाचत बसलेल्या मुलाचा टॅब तापल्याचा इशारा देऊन दोनदा बंद पडला, तेव्हा तो निमूटपणे छापील अंक घेऊन कूलरसमोर जाऊन बसला.

मालकीचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि वर्गणी भरताना त्याचाच विचार सर्वांत कमी होतो. डिजिटल वर्गणीत आपण अंक विकत घेत नाही, वाचण्याची मुभा घेतो. २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादामुळे दोन कादंबऱ्यांच्या विकल्या गेलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडल या ई-वाचकयंत्रावरून परस्पर काढून टाकल्या होत्या. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पुस्तके गेली. कॉमिक्सॉलॉजी २०१४ मध्ये ॲमेझॉनकडे गेली आणि २०२२ मध्ये तिचे दुकान किंडलमध्ये विलीन झाले. वर्षानुवर्षे जमवलेला संग्रह दुसऱ्याच्या मांडणीत जाऊन बसला, तर वाचकाला फक्त सवय बदलता येते. छापील अंकाला असले काही होत नाही. आमचे अंक वरच्या मजल्यावरच्या दोन मुलींकडे जातात, तिथून त्यांच्या मावसभावाकडे गोधनीला जातात आणि कोपरे दुमडून का होईना, परत येतात. डिजिटल वर्गणी मात्र एकाच खात्याला बांधलेली आहे. पासवर्ड शेजारी देणे नियमात बसत नाही आणि मला ते रुचतही नाही.

पण एका बाबतीत डिजिटलला तोड नाही, आणि ती म्हणजे छपाईतून गेलेले जुने अंक. १९६४ मध्ये सुरू झालेली इंद्रजाल कॉमिक्स १९९० मध्ये बंद पडली. त्यातला मराठीतला वेताळ, म्हणजे फँटम, आज बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या बाजारातल्या) जुन्या पुस्तकांत हाताला लागलाच तर नशीब, आणि विक्रेत्यालाही त्याची किंमत आता ठाऊक झालेली असते. जालावर चाहत्यांनी केलेले स्कॅन फिरतात, पण ते हक्कधारकाच्या संमतीने ठेवलेले असतीलच असे नाही, म्हणून त्यांची शिफारस मी करणार नाही. त्याऐवजी बालभारतीने ‘किशोर’चे नोव्हेंबर १९७१ पासूनचे जुने अंक आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य खुले केले आहेत, ते पाहावेत. तो निव्वळ कॉमिक्सचा अंक नव्हे, तरी त्यातल्या चित्रकथा आणि मुखपृष्ठे पाहताना आमच्या घरचे तिघेही वाचक पहिल्यांदाच एका टॅबवर एकत्र वाकले होते. परदेशी मालिकांचे शेकडो भाग सलग वाचायचे असतील तरीही डिजिटल वर्गणीच परवडते, कारण तेवढे कागद आणायचे कुठून आणि ठेवायचे कुठे?

तेव्हा ज्या घरात सात ते बारा वर्षांचे मूल आहे आणि अंक उशिरा आल्याने कोणाचे काही बिघडत नाही, त्यांनी छापील वर्गणीच घ्यावी; अंक न आल्यास तो महिना संपायच्या आत लेखी कळवावे, फोनवर मिळालेल्या आश्वासनावर विसंबू नये. ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनी मराठी कॉमिक्सची डिजिटल वर्गणी भरण्यापूर्वी नमुन्याचा एक अंक उघडून त्यातली सर्वांत बारीक अक्षरांची चौकट वाचून पाहावी. टॅब असेल तर डिजिटल वर्गणी महिन्याची घ्यावी, वर्षाची नको.

आम्ही या ऑगस्टमध्ये छापील वर्गणी दोन वर्षांसाठी भरली. आलेले अकरा अंक बाबांनी महालातल्या बाइंडिंगवाल्याकडे नेले आणि जानेवारीच्या जागी कोरी पाने घालायला सांगितली. तो गहाळ अंक आता फक्त ॲपवर आहे, आणि मुलाला त्यातली एक गोष्ट त्या कोऱ्या पानांवर हाताने काढायची आहे. त्यासाठी डिजिटल वर्गणी आणखी एक महिना वाढवावी लागली.