लहान ऑफिससाठी वायफाय घेताय? ओमाडा, इन्स्टंट ऑन, युनिफाय, आणि त्यांच्या मागची केबल-स्विचची बाजू

मरोळ, साकीनाका, वागळे इस्टेट, लोअर परळ, कुठेही जा, दहा ते पन्नास माणसांच्या ऑफिसवाल्यांचा वायफायच्या ब्रँडबद्दलचा प्रश्न ठरलेला असतो, "ओमाडा घेऊ की युनिफाय?" माझ्या मते त्याच्या आधी एक प्रश्न सुटला पाहिजे, तो म्हणजे हे सगळं बसवून झाल्यावर बघणार कोण? पूर्णवेळ आयटीवाला आहे, महिन्यातून एकदा येणारा माणूस आहे, की अकाउंट्सच्या मॅडमच राउटर बंद-चालू करतात? याचं खरं उत्तर दिलंत की अर्धी निवड तिथेच होते. उरलेली अर्धी केबल आणि स्विचवर, आणि लोक नेमकी तिथेच काटकसर करतात, म्हणून शेवटी त्यावर जरा जास्त लिहिलंय.

ज्यांच्याकडे अजून ब्रॉडबँडवाल्याने दिलेला एकच राउटर आहे आणि दुसऱ्या टोकाला रिपीटर लावलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. रिपीटर एकाच रेडिओवरून ऐकतो आणि पुढे बोलतो त्यामुळे स्पीड साधारण अर्ध्यावर येतो, आणि माणूस केबिनमधून कॉन्फरन्स रूममध्ये गेला तरी फोन जुन्या सिग्नललाच चिकटून राहतो. ॲक्सेस पॉइंट, म्हणजे आपण ज्याला एपी म्हणतो, तो केबलने स्विचला, म्हणजे सगळ्या केबल जिथे येऊन मिळतात त्या डबीला, जोडलेला असतो, छतावर बसतो, आणि सगळे एपी एकाच कंट्रोलरखाली, म्हणजे सगळ्यांना एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअर किंवा डबीखाली, असले की फोनला पुढच्या एपीवर जायला मदत करतात. पाच-सहा माणसांचं एका खोलीचं ऑफिस असेल तर चांगला राउटर पुरतो, उगाच खर्च करू नका.

आता तिघांकडे येऊ.

टीपी-लिंकचा ओमाडा. मुंबईत बहुतेक लहान ऑफिसांना मी आधी हाच सुचवतो, कारण पैशात बसतो आणि माल बाजारात मिळतो. एखादा एपी गेला तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात फोन फिरवून बदली मिळण्याची शक्यता चांगली असते, आणि धंदा चालू असताना ही गोष्ट फार मोठी आहे. ईएपी६१० हा वायफाय ६ चा साधा एपी नेहमीच्या ऑफिसला पुरतो, ईएपी६५० त्याच्या एक पायरी वर. कंट्रोलर तीन तऱ्हेने मिळतो: कॉम्प्युटरवर फुकट सॉफ्टवेअर टाका, ओसी२०० ची छोटी डबी घ्या, किंवा क्लाउडवरून चालवा. मी डबीच्या बाजूने आहे, कारण ऑफिसचा एखादा पीसी कंट्रोलर म्हणून ठेवला की कोणीतरी संध्याकाळी तो बंद करून घरी जातो, एपी जुन्या सेटिंगवर चालत राहतात हे खरं पण पाहुण्यांचं लॉगिन पेज मात्र कंट्रोलर बंद असला की अडतं. ओमाडाची अजून एक सोय अशी की एकच एपी असेल तर कंट्रोलरशिवाय ब्राउझरमधूनही पूर्ण सेट करता येतो. कमी पडतो तो ॲपच्या सफाईत, सेटिंग्ज भरपूर आहेत आणि नवख्याला त्यात वाट सापडायला वेळ लागतो.

एचपीईचा इन्स्टंट ऑन, आधीचं नाव अरुबा इन्स्टंट ऑन. ज्या ऑफिसात आयटीचं कोणीच नाही, म्हणजे दादरचा दवाखाना, सीएचं ऑफिस, कोचिंग क्लास, तिथे हा. वेगळा कंट्रोलर नाही, लायसन्सची फी नाही, मोबाइल ॲपवर नेटवर्क उभं राहतं आणि ते चालवायला शिकलेला माणूस लागत नाही. एपी२२ हा त्यातला नेहमीचा, साध्या ८०२.३एएफ पीओईवर (पीओई म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज, एएफ हा त्याचा कमी वॅटचा प्रकार) चालतो, त्यामुळे जुना पीओई स्विच असेल तर बदलावा लागत नाही. याच्या बदल्यात दोन गोष्टी पत्कराव्या लागतात. पहिली, सगळं क्लाउडवर आहे, इंटरनेट गेलं तर आतलं नेटवर्क चालतं पण सेटिंग बदलता येत नाही. दुसरी, उद्या कंपनी मोठी झाली आणि अरुबाचे मोठे एंटरप्राइझ एपी घेतले तर हे त्यांच्यात मिसळत नाहीत, नाव एक असलं तरी घराणं वेगळं. दोन वर्षांत तीन मजले घ्यायचा विचार असेल तर आताच विचार करा.

युबिक्विटीचा युनिफाय. नेटवर्कमध्ये काय चाललंय ते बघायला आवडणारा माणूस तुमच्याकडे असेल तर यासारखं दुसरं नाही, कोणता लॅपटॉप कुठल्या एपीवर आहे, सिग्नल किती, काल दुपारी का अडकला, सगळं स्वच्छ दिसतं. कॅमेरे, दरवाज्याचं ॲक्सेस, गेटवे म्हणजे मुख्य राउटर, सगळं एकाच पडद्यावर आणायचं असेल तर मी डोळे झाकून युनिफाय म्हणेन. पण याला पूर्ण वापरायचं तर कंट्रोलर हवाच, म्हणजे स्वतःचा सर्व्हर, त्यांची क्लाउड की नावाची डबी, किंवा त्यांचा गेटवे, आणि अपडेट कधी टाकायचा कधी थांबायचं हे कळणारा माणूसही हवा. यू६ मालिकेपासून एपीच्या खोक्यात इंजेक्टर, म्हणजे केबलमध्ये वीज घालणारी डबी, येत नाही हेही लक्षात ठेवा, खोकं उघडल्यावर वीज कुठून द्यायची म्हणून लोक अडकतात. आणि एक कळकळीचं सांगणं, परदेशातून कोणी येतंय म्हणून अमेरिकेतून युनिफाय मागवू नका. तिकडचं मॉडेल तिकडच्याच चॅनेलना बांधलेलं असतं, इथे वायरलेस उपकरणाला डब्ल्यूपीसीची, म्हणजे सरकारच्या वायरलेस खात्याची, ईटीए मंजुरी लागते, आणि वॉरंटीसाठी खोकं कुठे पाठवणार? जीएसटीचं पक्कं बिल असलेला भारतातला माल घ्या, १८ टक्के जीएसटीचं क्रेडिटही त्यावरच मिळतं.

सिस्को मेराकी आणि रकसबद्दल विचारणारेही असतात. मेराकी उत्तम आहे, पण लायसन्स संपलं की ३० दिवसांची मुदत आणि त्यानंतर नेटवर्क थांबतं, म्हणजे हा दरवर्षीचा किंवा दर तीन वर्षांचा खर्च आहे आणि तो बजेटमध्ये कायमचा धरायला हवा. बीकेसीतल्या मोठ्या कंपनीला ते जमतं, पंधरा माणसांच्या एक्सपोर्ट ऑफिसला मी सांगणार नाही. रकसचा अनलीश्ड प्रकार मात्र लायसन्सशिवाय चालतो आणि गर्दीत, म्हणजे हॉल, बँक्वेट, मोठा क्लास अशा ठिकाणी त्याचे अँटेना खरोखर काम करतात, फक्त किंमत वर जाते.

वायफाय ६ की ७? आज ऑफिससाठी वायफाय ६ घेतलंत तर काही गमावत नाही. वायफाय ७ चा मोठा फायदा म्हणजे ३२० मेगाहर्ट्झची रुंद चॅनेल, ती फक्त ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बसतात, आणि आपल्याकडे त्या पट्ट्याचा खालचा भाग, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, लायसन्समुक्त करायचा मसुदा सरकारने मे २०२५ मध्ये काढला. म्हणजे बोललं जातं तो सगळा ६ गिगाहर्ट्झ इथे गृहीत धरूच नका. त्यात स्वस्तातल्या वायफाय ७ एपीत, युनिफायचा यू७ लाइट घ्या ना, ६ गिगाहर्ट्झचा रेडिओच नसतो, २.४ आणि ५ हेच दोन. किमतीत फार फरक नसेल तर खुशाल ७ घ्या, नुसत्या आकड्यासाठी बजेट ताणू नका. तुमची लाइन २०० एमबीपीएसची असेल तर अडचण एपीत नाहीच.

५ गिगाहर्ट्झमध्ये आपल्याकडे २०१८ पासून भरपूर जागा मोकळी आहे, पण मधली चॅनेल, ५२ ते ६४ आणि १०० पासून १४४, ही डीएफएसची आहेत, म्हणजे एपीला रडार ऐकू आलं तर त्याने चॅनेल सोडायचं आणि अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही. मुंबईत विमानतळ आहे, आणि अंधेरी पूर्वेला वेरावलीला हवामान खात्याचं सी-बँडचं डॉपलर रडार २०२२ मध्ये सुरू झालं, सी-बँड म्हणजे याच ५ गिगाहर्ट्झच्या शेजारपाजारचा. त्या बाजूला ऑफिस असेल आणि सगळ्यांचं कनेक्शन मधूनच एकदम तुटत असेल तर कंट्रोलरच्या लॉगमध्ये रडारची नोंद आहे का ते आधी बघा, आणि असेल तर ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढची चॅनेल हाताने लावा. ही सोय तिन्ही ब्रँडमध्ये आहे, इन्स्टंट ऑनमध्ये थोडी कमी बारकाईने. २.४ मध्ये फक्त १, ६, ११ आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच, कारण व्यापारी इमारतीत शेजारच्या गाळ्यांची इतकी नेटवर्कं असतात की त्याहून रुंद जाऊन सगळ्यांचंच बिघडतं.

एपी किती लागतील? चौरस फुटावर जाऊ नका, भिंतींवर जा. फोर्टच्या जुन्या दगडी इमारतीत एक भिंत ओलांडली की ५ गिगाहर्ट्झ जवळजवळ संपतं, तिथे खोलीगणिक एपीचा विचार करावा लागतो, त्यासाठी भिंतीवरच्या स्विचबोर्डसारखा बसणारा वॉल-प्लेट एपी स्वस्त आणि छान पडतो. उलट परळच्या मिल कंपाउंडमधल्या काचेच्या मोकळ्या ऑफिसात दोन एपी सहज पुरतात, पण तिथे माणसं मोजायची, एका एपीवर पंचवीस-तीस काम करणारी माणसं धरा, प्रत्येकाचा फोन आणि लॅपटॉप मिळून उपकरणं दुप्पट. एपीची पॉवर हाय करून एकाच एपीत भागवायचा मोह टाळा, एपीचा आवाज फोनपर्यंत पोचतो पण फोनचा एपीपर्यंत पोचत नाही, दांडे पूर्ण दिसतात आणि व्हिडिओ कॉल तुटतो. पोटमाळा असलेल्या गाळ्यात लोखंडी लादीखाली लावलेला एपी वरच्यांना काहीच देत नाही, वर वेगळा लावा.

आता ॲक्सेसरीज, आणि इथे जरा मन लावून वाचा. एपीला वीज द्यायचे तीन मार्ग: अडॅप्टर, इंजेक्टर, पीओई स्विच. अडॅप्टर म्हणजे छतावर प्लग पॉइंट हवा, तो बहुधा नसतो. एक-दोन एपींना इंजेक्टर चालतो. तीन झाले की पीओई स्विचच, कारण एपी अडकला तर स्विचमधून लांबूनच बंद-चालू करता येतो, शिडी लागत नाही. स्विच घेताना दोन आकडे बघा. एक, किती पोर्टवर पीओई आहे, कारण आठ पोर्टच्या कितीतरी स्विचमध्ये तो चारच पोर्टवर असतो. दोन, एकूण वॅट किती. ८०२.३एएफ पोर्टमागे १५.४ वॅट देतं, ८०२.३एटी ३० वॅट. १३ वॅटचे चार एपी म्हणजे ५२ झाले, स्विचचं बजेट ६५ असेल तर उरलेल्या १३ वॅटमध्ये पुढे चार कॅमेरे जोडायचा बेत बसणार नाही. यू७ प्रो सारख्या एपीला तर एटीच लागतं. आणि जुन्या मालात २४ व्होल्टचा पॅसिव्ह पीओई असतो तो वेगळा प्रकार, तो समोरचं उपकरण न विचारता वीज सोडतो, म्हणून सेकंडहँड इंजेक्टर लावताना त्यावरचं लेबल वाचल्याशिवाय केबल खोचू नका.

केबल. कोटेशनमध्ये "कॅट६ केबल, ३०५ मीटर बॉक्स" एवढंच लिहिलेलं असेल तर सही करू नका, "शुद्ध तांबं, सीसीए नाही" असं लिहून घ्या. सीसीए म्हणजे वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम, त्याचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट, त्यामुळे लांब रनवर, म्हणजे स्विचपासून एपीपर्यंत केबल लांब असेल तिथे, पीओईची वीज वाटेतच पडते, केबल तापते, आणि एपी दुपारी गर्दीच्या वेळी आपोआप रीस्टार्ट होतो, मग सगळे एपीला नावं ठेवतात. तपासणं सोपं आहे, एक तार ब्लेडने खरवडा, आत चांदीसारखा पांढरा रंग दिसला तर बॉक्स परत. फॉल्स सीलिंग बंद झाल्यावर केबल बदलणं म्हणजे पीओपी फोडणं आलं, म्हणून इथे वाचवलेले पैसे मुंबईत कधीच वाचत नाहीत. प्रत्येक एपीच्या जागी दोन केबल ओढून ठेवा, मजुरी तीच लागते. रन १०० मीटरच्या आत.

गच्चीवर, गोदामाच्या बाहेर किंवा रेस्टॉरंटच्या अंगणात एपी लावायचा तर आतला एपी प्लास्टिकच्या डबीत घालून लावू नका. ओमाडाचा ईएपी६१०-आउटडोअर किंवा इन्स्टंट ऑनचा एपी२७ असा बाहेरचाच घ्या, काळ्या जाकिटाची आउटडोअर केबल, आत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथून गळून जाईल, आणि इथर्नेट सर्ज प्रोटेक्टर अर्थिंगसकट. वरळी, वर्सोव्याच्या बाजूला खारी हवा आरजे-४५ चे, म्हणजे केबलच्या टोकाच्या प्लगचे, पिन खाते, तिथे ग्लँड, म्हणजे केबल आत शिरते तिथलं पाणी अडवणारं बूच, नीट आवळलेला आहे की नाही ते पावसाळ्याआधी बघून घ्यायचं.

यूपीएस. "मुंबईत लाइट जाते कुठे?" असं म्हणतात, पण १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या शहराची वीज गेली होती, आणि बाकी दिवशी एका सेकंदाचा झटका आला तरी स्विच, राउटर, एपी सगळं परत उभं राहायला काही मिनिटं जातात. पीओई स्विच आणि राउटर एकाच लहान यूपीएसवर टाका, एपींना वेगळं काही लागत नाही कारण त्यांची वीज तिथूनच येते. इंजेक्टरपेक्षा स्विच चांगला म्हणतो त्याचं हेही एक कारण.

पाहुण्यांचं वायफाय मात्र कुठलाही ब्रँड घ्या, वेगळं ठेवा, वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे त्याच केबल-स्विचवर पण ऑफिसच्या नेटवर्कपासून तोडलेल्या भागात. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधीचा ईमेल सानपाड्यातल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता, घरातल्या माणसाचा संबंध नसताना चौकशी त्याच्या दारात आली. तेव्हा कॅफे, क्लिनिक, शोरूम, कोणीही असा, भिंतीवर पासवर्ड चिकटवून मोकळं होऊ नका. ओमाडा आणि युनिफाय दोन्हीत व्हाउचर, म्हणजे ठरावीक वेळ चालणारे लॉगिन कोड, काढता येतात, रिसेप्शनवर कोणाला कुठलं दिलं ते लिहून ठेवा. रोज नवी गर्दी येणारं ठिकाण असेल तर मोबाइलवर ओटीपी घेणारा हॉटस्पॉट गेटवे लावणारे विक्रेते इथे आहेत, तो खर्च कोटेशनमध्ये आधीच धरायला सांगा.

आणि काम संपल्यावर शेवटचा हप्ता द्यायच्या आधी विक्रेत्याकडून तीन गोष्टी हातात घ्या: कंट्रोलरचं अकाउंट तुमच्या कंपनीच्या ईमेलवर, त्याच्या नाही, प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना लेबल, आणि कुठला एपी कुठल्या पोर्टवर आहे त्याचा साधा हाताने काढलेला नकाशा. अकाउंट विक्रेत्याच्या नावावर राहिलं तर विक्रेता बदलायच्या दिवशी सगळे एपी रीसेट करून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.