अ‍ॅव्हर्ट-डी : गालातल्या नमुन्यावरून व्यसनाचे भाकीत

तीव्र वेदनेसाठी ओपिऑइड (अफूच्या वर्गातले वेदनाशामक) गोळी पहिल्यांदाच घेणाऱ्या प्रौढाच्या गालाच्या आतून काडी फिरवून, डीएनएमधील 15 जागा तपासून, व्यसनाचा धोका वाढलेला आहे का हे सांगणारी ही चाचणी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर 2023 मध्ये मंजूर केली. त्याआधी त्याच प्रशासनाच्या सल्लागार समितीने तिच्याविरुद्ध 11 विरुद्ध 2 असा कौल दिला होता. नमुना घेणे सोपे आहे, त्याबद्दल तक्रार नाही. अडचण निकालात आहे. जानेवारी 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, साडेचार लाखांहून अधिक माजी सैनिकांच्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासात या 15 जागांचे भाकीत नाणेफेकीहून फारसे सरस ठरले नाही. याचे मला नवल वाटले नाही : आनुवंशिकतेचा वाटा निम्म्याच्या आसपास मानला जात असला, तरी तो असंख्य जनुकांत विखुरलेला आहे, आणि जनुकीय ठेवण वंशसमूहानुसार बदलत असल्यामुळे व्यसनाऐवजी वंशच ओळखला जाण्याचा धोका उरतो. ‘धोका नाही’ असा अहवाल हाती आलेला रुग्ण निर्धास्त होईल, तर उलट शिक्का बसलेल्याला हवे ते वेदनाशामकही नाकारले जाईल. पूर्वीची व्यसने आणि नैराश्य यांची डॉक्टरांनी केलेली साधी विचारपूस मला अधिक भरवशाची वाटते. पाचपैकी एक तारा, तोही काडीच्या सोयीसाठी.