मद्रास क्रोकोडाइल बँक: फोटो काढून पळू नका, नीट वेळ द्या

चेन्नईहून महाबलीपुरमला जाताना ईसीआरवर (समुद्राकाठचा ईस्ट कोस्ट रोड) ही जागा लागते आणि बहुतेक टुरिस्ट तिला वाटेतला अर्ध्या तासाचा हॉल्ट समजतात, मगर दिसली, सेल्फी झाला, चला गाडीत. माझं म्हणाल तर देवळांचा एखादा तास कमी करा पण इथे निवांत या. आणि यायच्या आधी ही बँक काढणारा रोम्युलस व्हिटेकर हा माणूस कोण ते थोडं वाचून या, कारण त्याशिवाय हे फक्त खूप मगरी असलेलं झू वाटेल.

तर व्हिटेकर. जन्म १९४३, न्यूयॉर्क. १९५१ मध्ये आईबरोबर भारतात आला, सावत्र वडील म्हणजे स्वातंत्र्यसेनानी कमलादेवी चट्टोपाध्यायांचे चिरंजीव रामा, म्हणजे घर मुंबईत आणि शाळा कोडाईकनालला. हॉस्टेलमध्ये पलंगाखाली अजगर पाळणारं हे कार्टं. पुढे अमेरिकेत कॉलेज अर्धवट सोडलं आणि मायामीला बिल हास्ट यांच्या सर्पालयात कामाला लागला, हे हास्ट म्हणजे आयुष्यभरात शंभराच्या वर सर्पदंश झेलून शंभरी गाठलेले गृहस्थ! विष कसं काढायचं ते तिथेच शिकला. मधे सक्तीची लष्करी नोकरी, मग १९६७ ला परत भारतात, आणि काही वर्षांत मद्रासचं स्नेक पार्क उभं केलं. डिग्रीच्या आधी हात चालायला लागलेला शास्त्रज्ञ आहे हा, आणि इथलं सगळं बघताना ते जाणवतं. पुढे २०१८ ला पद्मश्री मिळाली.

क्रोकोडाइल बँक १९७६ ची. कातड्यासाठी मारून मारून आपल्याकडच्या मगरी संपत आल्या होत्या, म्हणून कल्पना अशी की इथे अंडी-पिल्लं वाढवायची आणि नद्यांमध्ये परत सोडायची, म्हणून नाव 'बँक'. सोबत तेव्हाची पत्नी झाई, पक्षीनिरीक्षक झफर फतेहअलींची मुलगी, तिचाही यात तेवढाच वाटा आहे, लोक तिचं नाव घ्यायला विसरतात म्हणून मुद्दाम लिहितेय.

आता गंमत बघा. आपल्या साध्या मगरीने इथे वर्षातून दोन-दोनदा अंडी घातली! मगरीचं लिंग क्रोमोझोमवर नाही, अंड्याच्या तापमानावर ठरतं, यावरही इथे काम झालंय, साधारण ३१ अंशांपर्यंत माद्या, ३२.५ च्या आसपास नर. एक-दीड अंशाचा खेळ. प्रजनन इतकं जोरात चाललं की पिल्लं सोडायला नद्याच पुरेनात, धरणं झाली, काठावर माणसं आली, मगर आपल्या नदीत नको असं सगळ्यांनाच वाटायला लागलं. बँकेत ठेव वाढत गेली आणि काढायची सोयच राहिली नाही. त्यामुळे एकाच खड्ड्यात एकमेकांवर पसरलेल्या मगरी दिसतात तेव्हा "किती दाटी केलीय" म्हणून नाक मुरडायच्या आधी हे लक्षात घ्या.

मगरी हलत नाहीत अशी तक्रार रिव्ह्यूंमध्ये फार वाचली. अहो ती मगर आहे! थंड रक्ताचा प्राणी, शक्ती वाचवून जगतो, खाण्याशिवाय आठवडेच्या आठवडे काढतो, आणि तो जबडा उघडा ठेवलाय ना, तो तुम्हाला घाबरवायला नाही, अंगातली उष्णता बाहेर टाकायला. आम्ही गेलो तेव्हा एक ग्रुप मगर जिवंत आहे का बघायला रिकामी बाटली फेकत होता, माझ्या मुलाने त्यांना सरळ "काका, तुम्हाला झोपेत कोणी मारलं तर?" विचारलं, काका गप्प. घरियालपाशी (मगरीचाच भाऊबंद) मात्र थांबाच, मोठ्या नराच्या लांबलचक जबड्याच्या टोकाला मडक्यासारखा फुगा असतो, तो माझ्या मुलाला आधी चिखलाचा गोळाच वाटला.

पण माझ्यासाठी सगळ्यात भारी म्हणजे आवारातलं इरुळा लोकांचं विषसंकलन केंद्र. इरुळा हे पिढीजात साप पकडणारे आदिवासी, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर कातड्यांचा धंदा बंद पडला आणि पोटावर पाय आला. व्हिटेकरने त्यांच्याबरोबर १९७८ मध्ये सहकारी संस्था काढली, साप मारायचा नाही, विष काढायचं आणि पुन्हा रानात सोडायचा. साप मातीच्या मडक्यांत, तोंडाला फडकं बांधून ठेवलेले. एका दादांनी आकड्याने नाग उचलला, डोकं चिमटीत धरलं, काचेच्या भांड्यावर ताणलेल्या पडद्यावर दात टेकवले, आणि आत पिवळसर दोन-चार थेंब. बस्स, संपलं. मी श्वास रोखून होते आणि दादा मात्र भाजी निवडल्यासारखे शांत. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचं विष इथून जातं आणि त्यावरून अँटीव्हेनम, म्हणजे सर्पदंशावरचं औषध, बनतं. देशातल्या अँटीव्हेनमसाठी लागणाऱ्या विषाचा मोठा वाटा याच संस्थेचा. एक प्रश्न मात्र डोक्यात राहिला, तमिळनाडूच्या सापांच्या विषावर बनलेलं इंजेक्शन दुसऱ्या राज्यातल्या त्याच जातीच्या सापाच्या दंशावर कधीकधी कमी लागू पडतं, विष प्रदेशानुसार बदलतं ना. व्हिटेकर स्वतः हे कित्येक वर्षं सांगतोय. आपल्या शेतातल्या घोणशीचा विचार करून बघा जरा.

बाकी टिप्स: सोमवारी बंद असतं. समुद्र अगदी लागून आहे तरी दुपारी घामाच्या धारा लागतात, सकाळी लवकर जा, टोपी-पाणी घ्या. विष काढायच्या डेमोच्या वेळा आधी विचारून घ्या, मगच बाकीचं बघा. सापाची भीती असलेल्या सासूबाईंनाही न्या, आमच्या तर शेवटी सगळ्यांच्या पुढे जाऊन उभ्या होत्या. पाचपैकी पाच.