बँडकॅम्प की स्पॉटिफाय? मराठवाड्यातल्या स्वतंत्र कलाकारासाठी

बँडकॅम्प म्हणजे श्रोत्याला गाणी थेट विकायचं संकेतस्थळ; तिथे दर आपण ठरवायचा. डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते घेतात, पेमेंटचा खर्च वेगळा. पाच डॉलरचा अल्बम पन्नास जणांनी घेतला, तर कापाकापी होऊन दोनशे डॉलरच्या आसपास उरतात. अडचण आपल्या बाजूची आहे. तिथले पैसे पेपाल या ऑनलाइन पेमेंट सेवेवर येतात आणि पेपालने एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केले. लातूर-परभणीचा श्रोता तर यूपीआयशिवाय बोलतच नाही. म्हणजे गिऱ्हाईक कोण, तर परदेशातला मराठी माणूस. तो मात्र गोंधळाच्या गाण्याला आनंदाने पैसे मोजतो.

स्पॉटिफायवर थेट जाता येत नाही; गाणं तिथे पोचवणारा डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर असा वितरक लागतो. काहींची फी वर्षाला भरायची, चुकली की गाणं उतरू शकतं. शिवाय २०२४ पासून बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला तिथे रॉयल्टीच नाही. गावातल्या पोरांच्या मोबाईलमध्ये पोचायचं तर हाच रस्ता, पण त्यावर घर चालेल अशी आशा नको.

माझं मत: गाणं दोन्हीकडे ठेवा, पूर्ण अल्बम आधी बँडकॅम्पवर. आणि तुळजाभवानीची पारंपरिक चाल गात असाल, तर वितरकाच्या फॉर्ममध्ये यूट्यूब कंटेंट आयडीची (दुसऱ्यांच्या व्हिडिओत आपलं गाणं शोधून हक्काचा दावा लावणारी यंत्रणा) खूण करू नका. सार्वजनिक चालीवर एकट्याचा हक्क सांगता येत नाही, उगाच दुसऱ्या गोंधळ्याच्या व्हिडिओवर दावा जातो.