चारात एकच इंजेक्टर नवा

मार्चअखेरीस पुण्याजवळच्या एका जुन्या गाड्यांच्या यार्डातून पिकअप घेतली. ४ लाख ३५ हजारांना. टोमॅटोचा सीझन तोंडावर आला होता आणि घाई माझीच होती, हे आधीच कबूल करतो.

साडेदहाची वेळ ठरली होती. गेलो तर बॉनेट धुतलेलं, इंजिन चांगलं गरम. "तुमच्यासाठी धुऊन, एक राउंड मारून ठेवली शेठ," एजंट म्हणाला. चहा आला. चावी फिरवताच गाडी चालू, धूर नाही, आवाज एकसारखा. वर त्यानेच बॉनेट उघडून डिझेल फवारणारे चार इंजेक्टर दाखवले, "हा बघा, तीन नंबरचा इंजेक्टर नवाकोरा टाकलाय. पावतीपण आहे." बाकीचे तीन काळेकुट्ट, हा चकचकीत. मला वाटलं, चला, खर्च करून गाडी विकणारा माणूस भेटला!

दुसऱ्या दिवशी पहाटे ओतूरला थंड गाडी चालू केली आणि मिसिंग. तीन सिलिंडरवर चालल्यासारखी थडथड, मागून पांढरा धूर. चार-पाच मिनिटांत इंजिन तापलं की सगळं गुपचूप. एजंटला फोन केला. "डिझेलात पाणी असेल, फिल्टर बदला." बदलला. दोनदा बदलला. मग एकदा कल्याणला ६५ क्रेट उतरवून परत येताना मोरोशीच्या पुढे माळशेज चढायला लागलो, तर रिकाम्या क्रेटवरसुद्धा गाडी दम टाकू लागली. केबिनमध्ये जळक्या ऑइलचा वास.

गावातल्या मिस्त्रीने चालू गाडीवर ऑइल भरायचं झाकण काढलं, तर आतून भसाभस धूर. ऑइल काढलं तर काकवीसारखं जाड. "जाड ऑइल घालून धूर दाबलाय," तो म्हणाला. स्कॅनरवर एकेक सिलिंडर बंद करून पाहिला. तिसरा बंद केला तरी आवाजात काही फरक नाही, म्हणजे तो कामच करत नव्हता. (जुन्या पंपाच्या गाड्यांत पाइपाचा नट सैल करून हेच बघायचे. कॉमन रेलवर, म्हणजे एकाच जादा दाबाच्या पाइपातून सगळ्या इंजेक्टरना डिझेल जाणाऱ्या नव्या गाड्यांत, तो प्रकार चुकूनही करू नका, आतलं प्रेशर हजार बारच्या वर जातं, डिझेलची धार कातडी फाडून आत शिरते.)

इंजेक्टर काढून त्या भोकात सिलिंडरमधला दाब मोजायचा गेज लावला. पहिला, दुसरा, चौथा ३८० पीएसआयच्या आसपास, तिसरा २१०. तरी इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उघडायच्या आधी त्याने आणखी एक केलं. तिसरा पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, त्याच भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. "कान लाव." सायलेन्सरमधून आवाज आला असता तर व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले असते तर गॅस्केट. फुस्स आवाज येत होता ऑइलच्या झाकणातून. म्हणजे पिस्टन नाहीतर त्याची रिंग.

हेड उतरलं. तिसऱ्या पिस्टनची कड खाल्लेली, रिंगेचे तुकडे, सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर उभा ओरखडा. नख फिरवलं तर अडकत होतं. जुना इंजेक्टर ठिबकत राहिला की डिझेल नीट फवारलं जात नाही, पिस्टनवरच जळतं आणि तो वितळतो. आधीच्या मालकाने इंजेक्टर बदलून पाहिला, मिसिंग गेलं नाही, म्हणून गाडी यार्डात आणून सोडली. मिस्त्री वैतागला, "चारात एकच नवा का, एवढं विचारलं नाहीस?"

नाही विचारलं. उलट दहा हजार वाढवून दिले होते.

इंजिनकामाला ७८ हजार गेले, ऐन सीझनचे १९ दिवस वेगळेच. एजंटने कागदावरची "आहे त्या स्थितीत" ही ओळ दाखवली, पोलीस म्हणाले दिवाणी मामला. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे; ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि पोटासाठी स्वतः चालवायला घेतलेली गाडी तिथे व्यापारी कारणात धरत नाहीत. गेजचे फोटो आणि मिस्त्रीचं लेखी जोडलंय. रिंगेचे तुकडे दुधाच्या पिशवीत बांधून ठेवलेत, तारखेला घेऊन जाणार.