ऑर्चर्ड स्ट्रीट ९७: गायब झालेल्या जोडेवाल्याचं घर (टेनेमेंट म्युझियम, न्यूयॉर्क)

१९ व्या शतकात जर्मनीतून अमेरिकेत आलेले कारागीर कसे जगायचे ते बघायचं म्हणून गेलो होतो, डोक्यात चित्र असं की काचेच्या कपाटात हातोड्या, करवती, सुया आणि खाली पाट्या. तसलं इथे काही नाही. एक जुनी पाच मजली चाळवजा बिल्डिंग आहे, तीच म्युझियम. एकट्याने फिरता येत नाही, गाईडसोबत टूरच घ्यावी लागते, आणि प्रत्येक टूरमध्ये वेगळं घर दाखवतात, तेव्हा बुक करताना त्यात गुम्पर्ट्झ कुटुंबाची खोली आहे ना ते बघून घ्या.

बिल्डिंग १८६३ ची, आणि बांधून घेणारा कोण तर लुकास ग्लॉकनर, जर्मनीहून आलेला शिंपी! म्हणजे कपडे शिवून शिवून माणूस मालक झाला. तेव्हा हा सगळा भाग क्लाइनडॉइचलांड, म्हणजे छोटी जर्मनी. तळघरात जॉन श्नायडर आणि त्याची बायको कॅरोलिन १८६४ ते १८८६ बिअरचं सलून चालवायचे, मुळात जर्मन लोकांसाठी सलून म्हणजे नुसता दारूचा अड्डा नव्हे, मंडळांच्या मीटिंगा, कामाची चौकशी, गावाकडच्या बातम्या सगळं तिथेच.

पण खरी गोष्ट वरच्या घरात आहे. तीन खोल्या मिळून ३२५ स्क्वेअर फूट, थेट उजेड फक्त एका खोलीत, पाणी आणि संडास मागच्या अंगणात. इथे ज्युलियस गुम्पर्ट्झ राहायचा, प्रशिया या जर्मन राज्यातून आलेला ज्यू, काम बुटांच्या टाचा कापायचं. १८७३ च्या सप्टेंबरमध्ये जे कुक अँड कंपनी ही बँक बुडाली आणि मंदी आली, जानेवारी १८७४ मध्ये तर टॉम्पकिन्स स्क्वेअरमध्ये काम मागायला जमलेल्या बेकारांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, त्यात जर्मन कामगार भरपूर होते. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एके सकाळी ज्युलियस कामाला म्हणून बाहेर पडला तो परत आलाच नाही. पळाला, मेला, कुणी मारला, आजपर्यंत पत्ता नाही. मागे बायको नाताली आणि चार पोरं. तिने मग घरातच शिवणकाम सुरू केलं, आणि खोली तशीच मांडलीय, शिवणाच्या सामानासकट. मला वाटलं होतं कारागिराची खोली बघायला मिळेल, ती मिळालीच, पण कारागीर म्हणजे ती निघाली.

१८८३ मध्ये ज्युलियसच्या बापाने प्रशियात मागे ठेवलेले ६०० डॉलर मिळावेत म्हणून नातालीने कोर्टात अर्ज केला की नवऱ्याला मृत जाहीर करा. त्या कागदांमुळेच हे सगळं आज माहीत आहे. म्हणजे बघा ना, हा माणूस रोज संध्याकाळी गुपचूप घरी आला असता, टाचा कापत म्हातारा झाला असता तर त्याची आठवण कोण ठेवणार होतं? त्या गल्लीत असे जोडेवाले, सुतार, बेकर हजारोंनी असतील, त्यांचं कोर्टात काही अडलं नाही म्हणून त्यांची खोली आपल्याला दिसत नाही. मी तिथे हाच विचार करत मागे राहिलो आणि ग्रुप पुढे गेला.

१९३५ मध्ये मालकाने वरचे भाडेकरू काढले, नव्या नियमांप्रमाणे बिल्डिंग सुधारण्यापेक्षा त्याला घरं बंद ठेवणं परवडलं, आणि वरचे मजले तसेच कुलपात राहिले. म्युझियम सुरू झालं १९८८ ला. त्यामुळे काही खोल्यांत वॉलपेपर आणि रंगाचे थरावर थर अजून सोललेले दिसतात, ते मला सजवलेल्या खोल्यांइतकेच आवडले.

जिने अरुंद आहेत, खोल्या एवढ्याशा, तेव्हा मोठी बॅग नेऊ नका. भव्य काहीतरी बघायचं असेल तर दुसरीकडे जा. माझ्याकडून पाचपैकी पाच, आणि परत गेलो तर श्नायडरच्या सलूनवाली टूर मिळते का बघणार.